पूर्वपक्षाचा नट

आंबोलीचा घाट उतरून खाली गेले की जत्रांचा मुलूख लागतो. भाताची कापणी आटोपली, कार्तिक सरत आला, की तेथल्या देवळादेवळांतून दशावताराचे खेळ रात्र रात्र चालतात. माझे आजोळ त्या बाजूचे. आजोबांच्या मांडीला टेकून मी जो पहिला खेळ पाहिला, त्यातला देव मला आज आठवत नाही. आठवतो तो राक्षस. त्याची ती आरोळी, ते डोळे आणि त्याच्या तोंडचे ते बिनतोड सवाल! पहाटे घरी परतताना मी आजोबांना विचारले की, देवाचे काम करणारा इतका बेताचा आणि राक्षसाचे काम करणारा इतका जबरदस्त, असे का? आजोबा म्हणाले, “अरे, राकस हलको झालो काय देवय हलको जाता.”

पुढे कायद्याची पदवी घेतली, बेळगावच्या कोर्टात वकिली सुरू केली, आणि त्या वाक्याचा अर्थ मला हळूहळू उलगडू लागला. समोरचा वकील कच्चा निघाला तर निकाल आपल्या बाजूने लागतो खरा. पण त्या निकालाला वजन येत नाही. आपल्या शास्त्रकारांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. सिद्धान्त सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा की, खुद्द प्रतिपक्ष्यानेही मान डोलवावी, ही आपली परंपरा. शंकराचार्यांच्या भाष्यातला पूर्वपक्ष वाचताना क्षणभर तोच पटू लागतो. आणि म्हणूनच मागाहून येणाऱ्या उत्तराची किंमत कळते.

नाटकात वा चित्रपटात हा पूर्वपक्ष मांडण्याचे काम ज्याच्याकडे येते, त्याला हल्ली ‘सहायक अभिनेता’ म्हणतात. हा शब्द मला कधीच रुचला नाही. ‘सहायक’ म्हटले की कचेरीतले कोपऱ्यातले टेबल आणि त्यावरच्या फायली डोळ्यांपुढे येतात. जुन्या नाट्यशास्त्रकारांनीही नायकाचे ‘सहाय’ सांगितले आहेत, नाही असे नाही. परंतु त्यांनी प्रत्येकाला त्याचे नाव दिले आणि कामही नेमून दिले. नायकाच्या कथेबरोबर दूरवर चालणारे उपकथानक ती पताका, त्या पताकेचा नायक तो पीठमर्द, आणि नायकाच्या आड उभा ठाकतो तो प्रतिनायक. रामाच्या कथेत सुग्रीव पीठमर्द, तर रावण प्रतिनायक. या दोघांना वगळून रामायण सांगू पाहणाऱ्याच्या हाती काय उरेल, हे वाचकांना सांगावयास नको.

हे सारे आठवण्याचे कारण आपल्याच गावी जन्मलेला एक नट. श्री. अतुल कुलकर्णी यांचा जन्म १० सप्टेंबर १९६५ रोजी बेळगावात झाला. उत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना दोनदा मिळाले. ‘हे राम’साठी १९९९ सालच्या पारितोषिकांत आणि ‘चांदनी बार’साठी २००१ सालच्या पारितोषिकांत. १९८४ सालापासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकाचा दोनदा मान मिळालेले दुसरे मराठी नट म्हणजे श्री. नाना पाटेकर. खडेबाजारात चार परिचित भेटले आणि चित्रपटांचा विषय निघाला, तर ‘तो आपल्या बेळगावचा’ असे कोणी तरी अभिमानाने म्हणतोच. परंतु त्याच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास येते: ‘पण हिंदीत हिरो काही झाला नाही बघा.’ या वाक्यात हळहळ असते, थोडा कमीपणाही असतो. ती हळहळ अस्थानी आहे, आणि तो कमीपणा नटाचा नसून आपल्या दृष्टीचा आहे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

बेळगावला नाटकाचे वळण जुने आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८६६ साली ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ काढली ती येथेच. ‘शाकुंतला’चा पुण्यातला प्रयोग त्यानंतर चौदा वर्षांनी, १८८० साली झाला. पण गावाचा वारसा नटाला दागिन्यासारखा आयता मिळत नाही. श्री. कुलकर्णी यांची घडण सोलापूरची. तेथल्या ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेत त्यांनी कामे केली आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची वाट धरली. तेथली पदविका त्यांनी १९९५ साली घेतली, म्हणजे वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर. या उशिरा झालेल्या आरंभाचा एक फायदा असा की, ते व्यवसायात आले तेव्हा विचार करणारा प्रौढ माणूस म्हणून आले. त्यांच्या गुणांचे मूळ त्यात आहे, आणि पुढे सांगेन त्याप्रमाणे एका दोषाचेही.

‘गांधी विरुद्ध गांधी’ हे नाव वकिलाने वाचले तर त्याला ते दाव्याचे शीर्षक वाटेल. आणि नाटक तसेच आहे. श्री. अजित दळवी यांनी लिहिलेले आणि श्री. चंद्रकांत कुलकर्णी यांनी बसविलेले हे नाटक गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठी रंगभूमीवर आले. वादी थोरला मुलगा हरिलाल, प्रतिवादी बाप मोहनदास. बापासारखे बॅरिस्टर व्हावे ही मुलाची इच्छा. विलायतेस जाण्याची संधी आली तेव्हा बापाने ती स्वतःच्या मुलाला न देता इतरांना दिली. त्यानंतरची हरिलालची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. व्यसन, कर्ज, १९३६ सालचे धर्मांतर, पुन्हा स्वधर्मात येणे, आणि बापाच्या हत्येनंतर पाच महिने उलटतात न उलटतात तोच, जून १९४८ मध्ये मृत्यू. हरिलालची भूमिका श्री. किशोर कदम करीत, कस्तुरबांची भक्ती बर्वे, आणि गांधीजींची श्री. अतुल कुलकर्णी.

महात्म्याची भूमिका करताना नटाला पहिला मोह होतो तो पूजनीय होण्याचा. काठी, चष्मा, पंचा एवढे अंगावर आले की प्रेक्षक निम्मे काम स्वतःच करतो. नटाने फक्त हात जोडावयाचे. या नाटकात मात्र त्या मोहाला वाव नाही, कारण येथे गांधीजी आरोपीच्या पिंजऱ्यात आहेत. मी हे नाटक विद्यार्थिदशेत पाहिले. त्या वेळी जे जाणवले ते आजही स्पष्ट आठवते: हा गांधी प्रेक्षकांच्या भक्तीवर विसंबत नाही आणि दयेची याचनाही करीत नाही. तो मुलाचे बोलणे ऐकतो. सर्व देशाला जवळ करणारा माणूस घरच्या एका मुलाला जवळ करू शकत नाही, हे त्याला कळते आहे आणि तरीही तो आपला नियम मोडू शकत नाही, ही कोंडी नटाने आवाज न चढविता दाखविली. हरिलाल चुकला असे म्हणून प्रेक्षक उठत नाही, आणि बाप चुकला असे म्हणूनही उठत नाही. दोन्ही बाजू ऐकल्यावर न्यायाधीशाच्या मनावर जो भार येतो, तो घेऊन उठतो.

आणि याच नटाला पडद्यावर देशभर ओळख मिळाली ती कोणत्या भूमिकेने? गांधीहत्येच्या कटात नायकाला ओढणाऱ्या श्रीराम अभ्यंकराच्या! श्री. कमल हासन यांचा ‘हे राम’ फेब्रुवारी २००० मध्ये तमिळ व हिंदी अशा दोन भाषांत प्रदर्शित झाला. त्यातले गांधीजी केले श्री. नसीरुद्दीन शाह यांनी, ज्यांनी हरिलालच्या याच कथेवरील फिरोझ खान यांच्या इंग्रजी नाटकात गांधीजींचीच भूमिका केली होती. म्हणजे मराठी रंगभूमीवरचा एक गांधी या चित्रपटात इंग्रजी रंगभूमीवरच्या दुसऱ्या गांधींविरुद्ध उभा राहिला. योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण मला तो अर्थपूर्ण वाटतो. गांधीजींची बाजू ज्याने रात्रीमागून रात्री मांडली होती, त्यालाच त्यांच्या विरोधकाची बाजू इतकी नेमकी मांडता आली.

कथा थोडक्यात अशी. १९४६ सालच्या कलकत्त्याच्या दंगलीत साकेत राम याच्या पत्नीची घरात घुसून हत्या होते. सुडाने वेडा होऊन तो स्वतः रस्त्यावर उतरतो, आणि त्या रात्री त्याला अभ्यंकर भेटतो. या सगळ्याला जबाबदार एकच माणूस आहे, हा विचार अभ्यंकर त्याच्या मनात रुजवितो. पुढे महाराष्ट्रात दोघांची पुन्हा गाठ पडते. घोड्यावरच्या अपघातात अभ्यंकराचे हातपाय कायमचे निकामी होतात, आणि बिछान्यावर पडल्या पडल्या तो आपले राहिलेले काम पुरे करण्याची शपथ साकेत रामकडून घेतो.

ही भूमिका सामान्य नटाच्या हाती गेली असती तर त्याने डोळे गरगरा फिरविले असते. श्री. कुलकर्णी यांचा अभ्यंकर सुसंस्कृत आहे, मित्रासाठी हळवा आहे, आणि आपण पुण्यकर्म करीत आहोत याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. तो भीतिदायक वाटतो तो याच निःशंकपणामुळे. दुःखाने पोळलेल्या माणसाला त्याचे शब्द फुंकर घातल्यासारखे वाटतात. प्रेक्षकालाही क्षणभर वाटावे की, हा म्हणतो त्यात काही तथ्य तर नाही? असे वाटले नाही तर चित्रपट फसला. आणि अपघातानंतरचा अभिनय तर पाहण्याजोगा आहे. नटाची सारी आयुधे काढून घेतली आहेत. मान हलत नाही, हात उचलत नाही. उरतात दोन डोळे आणि आवाज. तेवढ्यावर तो धडधाकट माणसाला बांधून टाकतो.

या भूमिकेकडे आपल्या वाचकांपैकी अनेकांना अलिप्तपणे पाहणे जड जाईल, याची मला जाणीव आहे. १९४८ साली गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली, तिची आठवण या मुलखातल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. अशा घरांतून गांधीजींचे नाव निघाले की मोठी माणसे एक तर गप्प होतात किंवा एकदम मोठ्याने बोलू लागतात. अभ्यंकर पाहून कोणाला आपली बदनामी झाली असे वाटेल. आणि कोणाला, बोलून दाखविण्याचे धाडस नसले तरी, तो आपल्या मनातले बोलला असे वाटेल. दोघेही अर्ध्यावर उठलेले श्रोते आहेत. साकेत राम दिल्लीला जातो, गांधीजींना जवळून पाहतो, आणि त्याचे मन पालटते; गोळ्या अखेर गोडसे झाडतो. या मन पालटण्याला जी किंमत आहे ती अभ्यंकराने दिलेली आहे. त्याचा पूर्वपक्ष पोकळ असता तर साकेत रामचे परतणे ही एक गोड गोष्ट झाली असती. तो भरीव आहे, म्हणून ते परतणे हा निकाल होतो. माझ्या आजोबांनी हा चित्रपट पाहिला नाही. पाहिला असता तर त्यांना तो समजावून सांगावा लागला नसता.

‘चांदनी बार’मधला पोत्या सावंत हा अगदी निराळा माणूस. श्री. मधुर भांडारकर यांच्या या चित्रपटाची सत्ता सर्वस्वी तब्बू यांच्याकडे आहे. दंगलीत पोरकी झालेली मुमताज मुंबईत येते, बारमध्ये नाचावे लागते, आणि पोत्या नावाचा गुंड तिच्याशी लग्न करून तिला त्यातून बाहेर काढतो. पोत्याजवळ अभ्यंकराची वाणी नाही आणि विचार तर नाहीच. तो रागावतो तेव्हा मारतो, प्रेम करतो तेव्हा ते कसे दाखवावे हे त्याला उमगत नाही. पुढे पोलिसांच्या गोळीने तो मरतो, आणि मुमताजला पुन्हा त्याच दिव्यांखाली उभे राहावे लागते. येथे दुय्यम भूमिकेची दुसरी कसोटी दिसते: पात्र निघून गेल्यावर काय उरते? पोत्या गेल्यानंतर मुमताजच्या घरातली प्रत्येक आपत्ती त्याची रिकामी जागा दाखवीत राहते. हयात असताना तो आधार होता की संकट होता, याचा उलगडा प्रेक्षकाला होत नाही, आणि मुमताजलाही होत नाही. हा संभ्रम निर्माण करणे सोपे नव्हे.

‘रंग दे बसंती’ (२००६) हा तर तरुणांच्या घोळक्याचा चित्रपट. त्यात श्री. कुलकर्णी यांच्या वाट्याला आला लक्ष्मण पांडे, एका राजकीय पक्षाचा कडवा कार्यकर्ता. अस्लमशी त्याचे जमत नाही. परंतु चित्रपटातल्या चित्रपटात त्यालाच रामप्रसाद बिस्मिल व्हावे लागते आणि अस्लमला अशफाकउल्ला. वेषाबरोबर माणूस बदलत जातो, पक्षावरचा विश्वास पुढे तुटतो, आणि शेवटी दोघे एकमेकांचा हात धरून मरतात. सहा-सात पात्रांच्या गर्दीत या बदलाला फार थोडी जागा मिळाली आहे. त्या थोड्या जागेत पूर्वपक्षच स्वतः उत्तरपक्ष होतो.

आता एक नाजूक मुद्दा. श्री. कुलकर्णी यांनी कन्नड चित्रपटांतही कामे केली आहेत. ‘भूमिगीत’ (१९९७) हा त्यांचा सुरुवातीचा चित्रपट कन्नडच होता. ‘आ दिनगळु’ (२००७) आणि ‘एदेगारिके’ (२०१२) हे दोन्ही चित्रपट श्री. अग्नी श्रीधर यांच्या लेखनावर आधारलेले. बंगळुरातल्या गुन्हेगारी जगातून आलेल्या या लेखकाचीच भूमिका त्यांनी त्यांत केली. आपल्या गावात असे विचारणारे भेटतात की, मराठी माणसाने हे कशाला करावे? ज्या प्रदेशाचा प्रश्न घेऊन महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तेथल्या माणसांना असे वाटणे मी समजू शकतो. आपल्या भाषेच्या पाट्यांसाठी, शाळांसाठी ज्यांनी सोसले, त्यांच्या भावनेची टिंगल करणे मला मान्य नाही.

पण दाव्यात बाजू घेणे वेगळे आणि माणूस ओळखणे वेगळे. खडेबाजारात दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत भाव करतो, दुसऱ्याशी कन्नडात, तिसऱ्याशी हिंदीत, आणि घरी जाऊन कोकणी बोलणाराही त्यांत एखादा असतो. गिऱ्हाइकाच्या भाषेत त्याचे म्हणणे ऐकून घेतले म्हणून दुकानदाराने आपला माल फुकट दिला असे होत नाही. ‘आ दिनगळु’च्या पटकथेत श्री. अग्नी श्रीधर यांच्याबरोबर गिरीश कार्नाड यांचा हात होता. कार्नाडांची मातृभाषा कोकणी, नाटके कन्नडात, आणि उदरनिर्वाहासाठी अनेक हिंदी चित्रपटांतल्या दुय्यम भूमिका. त्यामुळे कोकणीचे काही गेले नाही, कन्नडला मात्र पुष्कळ मिळाले. सीमेवर जन्मलेल्या माणसाला दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत ऐकण्याचा जो सराव होतो, तो नटाच्या धंद्यातले भांडवल आहे. श्री. कुलकर्णी यांनी ते वापरले, यात गैर काय?

आपल्या मुलखाशी त्यांची सर्वांत जवळची भूमिका मात्र मराठीतली, आणि ती नायकाची आहे. निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले की कागल लागते. आनंद यादव त्या कागलचे. त्यांच्या ‘नटरंग’ या कादंबरीवर श्री. रवी जाधव यांनी केलेला चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला आणि उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. गुणा कागलकर हा शेतमजूर, अंगाने पैलवान. तमाशाचे वेड. स्वतःचा फड उभा करावा आणि वगात राजा व्हावे, हे त्याचे स्वप्न. पण नाच्याशिवाय फड उभा राहत नाही असे ठरते, आणि नाच्या व्हावयास कोणी तयार नसतो. तेव्हा राजा होण्यासाठी निघालेला गुणा मिशा उतरवून नाच्या होतो. पुढे घर तुटते, गाव हसते, देहाची विटंबना होते. तो कला सोडीत नाही.

या भूमिकेसाठी नटाने आधी पैलवानाचे शरीर कमावले आणि मग ते उतरविले, याची चर्चा त्या वेळी फार झाली. शरीर कमावणे हे कष्टाचे काम खरे, पण ते व्यायामशाळेत जमते. खरी गोष्ट त्यापलीकडची आहे. ‘नटरंग’ ही एका दुय्यम नटाचीच कथा आहे. खेळ उभा राहावा म्हणून मुख्य भूमिका सोडून सर्वांत हिणकस मानलेली भूमिका जो पत्करतो, त्याची कथा. गुणा ज्या क्षणी राजाचा मुकुट बाजूला ठेवतो, त्या क्षणी तो नट होतो. नायकपदाची हळहळ करणाऱ्या माझ्या खडेबाजारातल्या मित्रांना मी या क्षणाकडे बोट दाखवीन. हा क्षण श्री. कुलकर्णी यांना इतका खरा करता आला, कारण राजाच्या शेजारी उभे राहण्यातली प्रतिष्ठा त्यांनी दहा-बारा वर्षे अनुभवली होती.

अलीकडे घरातल्या पडद्यावर मालिकांचा नवा प्रकार आला आहे. त्यातल्या दोन भूमिकांचा उल्लेख करतो. ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ (२०१९) मध्ये ते अमेयराव गायकवाड या बलाढ्य पुढाऱ्याच्या भूमिकेत आहेत. आरंभीच त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात आणि पहिल्या पर्वात बराच काळ तो रुग्णशय्येवर असतो. पण घरातल्या प्रत्येकाच्या हालचालीवर त्याची छाया राहते. अभ्यंकराच्या बिछान्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. दुसरी भूमिका ‘बंदिश बँडिट्स’ (२०२०) मधल्या दिग्विजयची. राधेमोहन राठोड या थोर गवयाच्या पहिल्या लग्नाचा हा टाकलेला मुलगा, बापाच्या घराण्याला आव्हान देत येतो. ज्या जिल्ह्यात सुळेभावीसारख्या खेड्यात कुमार गंधर्व जन्मले, तेथल्या श्रोत्याला सोंग घेतलेला गवई चटकन ओळखू येतो. दिग्विजयचा गळा दुसऱ्याचा आहे. पण त्याचे बसणे, समेची वाट पाहणे आणि प्रतिस्पर्ध्याचे गाणे ऐकतानाचा त्याचा चेहरा, हे सोंग वाटत नाही. आणि बाप कोण? पुन्हा श्री. नसीरुद्दीन शाह! ज्याने तरुणपणी रंगभूमीवर मुलाच्या आरोपांना तोंड देणारा बाप केला, तोच वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी बापाला जाब विचारणारा मुलगा झाला. हरिलालची बाजूही आता त्याच्या मुखातून ऐकू आली. दोन्ही पक्षांची वकालतनामे एकाच वकिलाने घेणे आमच्या धंद्यात गैर ठरते. नटाच्या धंद्यात ती सिद्धी आहे.

दोष सांगितले नाहीत तर ही टीका न होता मानपत्र होईल. पहिला दोष निवडीचा, आणि तो सर्वस्वी नटाच्या हातचा नाही. हिंदी चित्रपटाने त्यांच्याकडून करड्या नजरेचे अधिकारी पुष्कळ करवून घेतले. ‘रईस’मधल्या जयराज शेठला काही वेळ तरी रंग आहे; ‘मणिकर्णिका’मध्ये तात्या टोपे यांच्यासारख्या पुरुषाची भूमिका मिळूनही तिला हजेरीपलीकडे काम नाही. जेथे पूर्वपक्षच लिहिलेला नाही, तेथे त्याचा वकील काय करील? दुसरा दोष मात्र त्यांचा स्वतःचा. त्यांच्या चेहऱ्यावर विचार सतत जागा असतो. अभ्यंकराला ते शोभते, गुणाला नेहमी शोभत नाही. ‘नटरंग’च्या पूर्वार्धात त्यांच्या बोलण्यातून कागलची माती काही ठिकाणी कमी आणि अभ्यासलेली भाषा अधिक ऐकू येते. समजून उमजून केलेला साधेपणा आणि मुळातला साधेपणा यांत जे अंतर आहे, ते तेथे दिसते. ते मोकळे होतात तेव्हा किती प्रसन्न वाटतात, हे ‘वळू’ (२००८) मध्ये दिसले. गावातला मोकाट वळू पकडावयास आलेला तो वनाधिकारी गावकऱ्यांच्या गोंधळात सापडतो, आणि नटाच्या कपाळावरची आठी प्रथमच विनोदाच्या कामी येते. असा विनोद त्यांनी आणखी करावा, असे वाटत राहते.

तरीही हिशेब मांडला तर जमेची बाजू मोठी आहे. गांधी आणि गांधींचा वैरी, कडवा आणि पश्चात्तापी, बाप आणि मुलगा, राजा होऊ पाहणारा आणि नाच्या झालेला; इतक्या परस्परविरुद्ध माणसांची बाजू एका नटाने मांडली, आणि कोणाचीही मांडताना त्याला कमी लेखले नाही. आपण ज्या काळात राहतो त्यात दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकण्याआधी उत्तर देण्याची घाई फार वाढली आहे. सभेत, घरात, दारातल्या गप्पांत आपण प्रतिपक्षाला एक तर मूर्ख ठरवितो किंवा दुष्ट. त्यामुळे आपला सिद्धान्तही दिवसेंदिवस पातळ होत चालला आहे. दोन्ही बाजू ऐकाव्यात हा न्यायाचा पहिला नियम वकील कोर्टात शिकतो, हे खरे. पण बाकीच्यांनी तो कोठे शिकावा? देवळापुढच्या मांडवात तो पूर्वी शिकविला जात असे; राक्षसाच्या तोंडी सवाल देऊन, आणि ते काम गावातल्या सर्वांत समर्थ नटाला देऊन.

म्हणून पुन्हा कोणी खडेबाजारात म्हणाले की, ‘आपला बेळगावचा, पण हिरो झाला नाही’, तर मी त्यांना कोकणातल्या त्या पहाटेची गोष्ट सांगणार आहे. हिरो होणारे पुष्कळ आहेत. देवाला हलके होऊ न देणारा राक्षस एखाद्यालाच होता येते.